तळघरात रेंज नाही

मार्चचा दुसरा आठवडा. वॉशिंग्टनच्या चेरीला
अजून कळ्याही धड नाहीत.
आम्ही सहा जण रात्री दहापासून गालिचा अंथरतोय,
गुडघ्यांवर, दुतोंडी चिकटपट्टीने कडा दाबत.
"आभाळ इथून सुरू होतं," ऑर्विल म्हणतो
आणि कंबर धरून उठतो.

सकाळी त्यावरून उपग्रहवाले चालतील.
दरवर्षी येतात. दरवर्षी सांगतात,
पृथ्वीवर आता एकही कोपरा मुका राहणार नाही.
मी मान डोलावतो. माझा फोन
माल उतरवायच्या तळघरात
चार दिवस मुकाच असतो.

पेट्या मी उघडतो, म्हणून मला ठाऊक आहे:
सोनेरी दिसतो तो नुसता कागद,
चॉकलेटच्या वेष्टनासारखा चुरचुरतो.
पंख फोमचे. पोटात एक दिवा,
आणि गेल्या वर्षी कुणाचा तरी राहिलेला स्क्रूड्रायव्हर.
माझाच होता. घेतला परत.

माझी रेनेल बेरिंगच्या समुद्रात आहे,
मासे कापणाऱ्या जहाजावर शंभर माणसांचं रांधते.
इतक्या उत्तरेला उपग्रह क्षितिजाजवळ बसलेला,
डिश मान झुकवून त्याला धरून ठेवते,
मोठी लाट आली की सुटतो.
रविवारी फोन येतो. मी विचारतो, "बरी आहेस ना?"
प्रश्न छत्तीस हजार किलोमीटर वर जातो, तेवढाच खाली,
उत्तर तीच वाट चढतं, उतरतं.
मधे अर्धा सेकंद.
त्यात कुणीच नसतं.

आधी वाटलं, रुसली.
तिची आई गेल्यापासून आम्ही
एकमेकांच्या बोलण्यावर बोलत आलो होतो,
दोघंही एकदम, दोघंही चढ्या आवाजात.
उपग्रहाला ते चालेना. एकदम बोललं
की दोघांचंही वाया.
मग थांबायला शिकलो, म्हातारपणी, आभाळाच्या धाकाने.
एकदा ती म्हणाली, "बरी आहे."
मी गप्प.
मग, काही विचारलं नसताना,
"नाही रे बाबा. बरी नाही."

तिसऱ्या दिवशी एका पोराने मला गिऱ्हाईक समजून
पेपरमिंट दिली. जॅकेट काढलेलं होतं माझं.
म्हणाला, आता खालून फिरणारे हजारो,
पापणी लवायच्या आत उत्तर, मधे काही नाही.
मी म्हटलं, "मधलं कुठे जातं?"
तो हसला आणि बॅज वाचायला वाकला.

संध्याकाळी रिकाम्या पेट्यांवर एक बाई बसलेली,
चपला काढून. ओदिल क्रीयर, लक्झेंबर्ग.
एकोणीस वर्षं एकच उपग्रह सांभाळला, म्हणाली,
पुढच्या गुरुवारी बंद करायचा.
शेवटचं इंधन राखून ठेवलंय,
आणखी तीनशे किलोमीटर वर ढकलायला.
"म्हणजे स्मशानही वरच?"
"वरच. खाली आणणं परवडत नाही."
मी तिला टेकायला फोमचा एक पंख दिला.

शेवटच्या रात्री गालिचा गुंडाळला.
त्यात एक कानातलं, सतरा कार्डं
आणि एका गोल टेबलाचा दाब, तो निघाला नाही.
पहाटे जिना चढून सातव्या रस्त्यावर आलो
तर खिशात फोन जागा झाला.
रेनेल. जहाजावर नवी डिश बसवली म्हणे.
"बरी आहेस ना?"
"बरी आहे."
माझं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं.

शेजारच्या पोरीइतकी जवळ होती.
मला बोलायचं होतं, थंडीबद्दल, ऑर्विलच्या कंबरेबद्दल.
बोललो नाही.
कोपऱ्यावर पहिली बस थांबली,
दार उघडून कुणी चढतंय का बघत राहिली,
आणि मी फोन कानाला लावून
मोजत राहिलो, अर्धा,
एक,
दीड