लॉट नंबर सतरा

पोर्तुगीज हस्ताक्षर वाचणारी माणसं मडगावात
आता हाताच्या बोटांवर मोजावीत. त्यातलं एक बोट मी.
पानाला दोनशे रुपये.
जमिनीचे दावे येतात, बाप्तिस्म्याचे दाखले,
एखादं प्रेमपत्र (त्याचे मी घेत नाही).
यंदा पहिल्यांदाच मोटारीचे कागद आले.

बोर्गवर्ड इझाबेला, साल पंचावन्न.
मुरगावच्या धक्क्यावर क्रेनने उतरवली त्या दिवशी
रंगाच्या रकान्यात कुणा कारकुनाने लिहिलंय: मोतिया करडा.
लिलाववाले म्हणाले, वा, हे ठेवा.
पहिला मालक डॉक्टर. ठेवा.
शेवटचा, कुडचड्याचा खाणवाला. ठेवा, ठेवा.
आणि मधल्या पानावर, शिक्क्याच्या खाली,
कायतान रेबेलो, टॅक्सी, मडगाव ते वास्को.
अकरा वर्षं. मध्ये राज्य बदललं, शाई बदलली,
टॅक्सी तीच.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.
बाई, ही ओळ केवढ्याला पडते ठाऊक आहे?

मी गाळली.
पैसे पानाचे मिळतात, ओळीचे नाही.

कोलव्याच्या हॉटेलच्या हिरवळीवर पांढऱ्या खुर्च्या.
हातमोजे घातलेली पोरं बॉनेट उघडतात, मिटतात,
जणू आत कुणी झोपलंय.
एकजण टायरला हळूच लाथ मारून बघतो
आणि बायकोकडे बघतो.
क्रोम इतकं घासलेलं की त्यात माडसुद्धा
वाकून आपलं तोंड पाहतो.

डॅशबोर्डवर चार ठिपके. लांबी भरून रंग दिलेला,
तरी उन्हात दिसतात, देवीच्या वणांसारखे.
त्यांवर अंगठा ठेवून उभा होता एक गृहस्थ,
साठीचा, शर्टाला कडक इस्त्री, हातात एकतीस नंबरची पाटी.
हांगा सां क्रिस्तोव्हांव आशिल्लो, म्हणाला. पितळेचा.
मग माझा चेहरा बघून मराठीत:
कुठ्ठाळीच्या वळणांवर मला उलटी यायची.
पप्पा म्हणायचा, रस्त्याकडे नको बघू, त्याच्याकडे बघ.
कॅटलॉगात काही लिहिलंय का हो, त्या वर्षांचं?

मी कॅटलॉग पालथा धरला.
म्हटलं, छपाईला जागा कमी असते.

लॉट सतरा. सुरुवात सहा लाखांपासून.
कुणीच हलेना. श्रीमंत माणसं अशीच बसतात,
दुसऱ्याची भूक आधी दिसावी म्हणून.
टेलिफोनवाल्या मुली कानाशी हात धरून गप्प.
तेवढ्यात पाटी वर. एकतीस.

सहा लाख. एकतीस नंबर.
सहा लाख एक वार.

एक कावळा मांडवाच्या दोरीवर बसला, झोका घेतला.
इनासियो रेबेलो ताठ बसला होता,
दोन्ही हात समोर, थोडे अंतरावर,
स्टिअरिंगवर असावेत तसे.

सहा लाख दोन

आणि पुण्याचा फोन जागा झाला.
सात. कोचीन साडेआठ. पुणे अकरा.
मग आकडे घाटातल्या बसगाडीसारखे धापा टाकत वर.
एकतीस नंबरची पाटी खुर्चीखाली गवतात उताणी.
साडेबावीसला हातोडा पडला.
टाळ्या वाजल्या. कुणासाठी, कळलं नाही.

अनामत परत करायच्या टेबलाशी
वीस हजार त्याने दोनदा मोजले, थुंकी लावून.
मला विचारलं, बाई, तुम्ही दाव्यांचे कागद वाचता.
बोली वरची असते तेवढा वेळ
गाडी कोणाची म्हणायची?

कायद्याने विकणाऱ्याचीच, हातोडा पडेपर्यंत.
तुमची, मी म्हटलं.

तो हसला. पाकीट आतल्या खिशात घातलं.
सहा लाख होते कुठे माझ्याकडे!
तो पुण्याचा बोलला नसता
तर मी आज मेलोच असतो.

स्कूटर तिसऱ्या किकला सुरू झाली.