अक्षरामागे तीस रुपये

सात रस्त्याला दुकान आहे माझं, दीड माणूस रुंद.
हीट प्रेस, कटर, भिंतीला लाल जर्सींची चळत,
आणि बाहेरच्या फळीवर रोज सातनंतर
नोटीस न काढता भरणारी
भायखळ्याच्या बंबवाल्यांची सर्वसाधारण सभा.

सोमवारपासून विषय एकच: नाखवाला विकला.

विसुभाऊ करगुटकर, आगीच्या बंबावरून रिटायर झालेले, म्हणतात,
चार जवानांनी पगारातून चार-चार आणे काढून
उभा केलेला हा क्लब,
पहिला चेंडू पाण्याच्या पाइपाच्या रबराने सांधलेला,
आणि आज मालक कोण?
कुठल्याशा बेटावर नोंदलेला एक फंड.
त्या बेटावर मैदान तरी आहे का, विचारा.

हेमांगी बँकेतून थेट येते, डब्याची पिशवी खांद्याला.
भाऊ, तुमचे चार आणे कधीच संपले, ती म्हणते.
तीन वर्षांचे ताळेबंद वाचलेत मी.
गोलकीपरचे हातमोजे उधारीवर होते, आठवतंय?
फंड आला तेव्हा मैदानात दिवे लागले.
आणि दिवे लागले तेव्हा पेढे तुम्हीच वाटलेत.

वाटले, विसुभाऊ म्हणतात.
पेढे वाटले. पोरगं नव्हतं वाटलं.

यासीन दळवी सगळ्यांसमोर मोबाइल फिरवतो:
चार कोटी! एका लेफ्ट विंगचे चार कोटी!
त्यात दोन सेंटरबॅक येतील, एक कायमचा डॉक्टर,
अकादमीच्या पोरांना रोज दोन-दोन अंडी.

येतील?

हा डेस्मंड. तो कमी बोलतो.
आठ मोसम पाहुण्यांच्या स्टँडसमोर ढोल वाजवून
त्याचा एक कान गेलाय.
विकण्याबद्दल माझं काही नाही, तो म्हणतो,
सगळेच विकतात.
पण जानेवारीत? दुसऱ्या नंबरवर असताना?
पंगत बसल्यावर कुणी ताटं विकायला काढतं?

मग सगळे एकदम बोलतात,
आणि समोरचा पानवालाही,
ज्याने आयुष्यात एक मॅच पाहिलेली नाही.

मी कटर चालू ठेवतो.
मला मत विचारत नाहीत ते बरंय.

चौदा वर्षांचा होता नाखवा, ससून डॉकच्या मागून चालत आलेला.
हातात कुणाचा तरी जुना शर्ट, पाठीवर नाव हवं होतं.
तेव्हा अक्षराला वीस रुपये. त्याच्याकडे चाळीस.
ना झाला, ख झाला.
वा मी फुकट दिला.
शर्ट गरम असतानाच घातला त्याने,
थांब म्हटलं तरी थांबला नाही.
पुढे लेफ्ट विंगवरही तो कधी थांबला नाही.

आता त्याच्या जागी नवा येतोय, परदेशी.
वास्कोन्सेलोस.
पाच अक्षरं. त्यात एक जोडाक्षर, त्याला दहा जास्त.
नव्वदच्या जागी एकशेसाठ.
या सगळ्या भानगडीत नफ्यात
एक तो फंड आणि एक मी.

काल रात्री विसुभाऊ एकटेच आले.
पिशवीतून जर्सी काढली, म्हणाले, नाव उतरव.
नवं टाकू का? विचारलं. नको म्हणाले.
मी वाफ दिली, चिमट्याने एकेक कड सोडवली.
निघालं नाव. पण तीन मोसमांच्या उन्हाने
भोवतीचं कापड विटलेलं,
आणि नावाखालचा लाल अजून कोरा, गडद.
पहिल्यापेक्षा स्वच्छ वाचता येत होतं: नाखवा.

याचं काही करता येईल?
नाही, म्हटलं.
त्यांनी घडी घातली. पैसे विचारले.
उतरवायचा दर मी अजून ठरवलेला नाही.

ड्रॉवरमध्ये पन्नास नावं कापून ठेवली होती मोसमासाठी.
ना वाया गेले, ख वाया गेले.
वा मात्र चालतील, नव्या नावाच्या सुरुवातीला.
त्याचे तीस लावायचे की नाही,
हे सकाळी शटर उघडल्यावर बघू.