खटका

इनासच्या दुकानात जुन्या वर्तमानपत्रावर
तीन जोड्या मांडून ठेवल्यात,
बाजारात बांगडे मांडतात तशा, तोंडं एकीकडे.
"घाई नको," इनास म्हणतो, "पाय तुझे आहेत."

पहिली जोडी लोखंडी पिंजऱ्याची, चामडी पट्ट्याची.
पट्टा ओढला की पाय आत गेलाच.
सुटायचं तर वाकून हाताने सोडवा,
आणि वाकायला तेव्हा सवड कोण देतं?
दुसरी पिवळ्या प्लास्टिकची, देखणी, एकाच बाजूची.
तिचे बूट घालून चार पावलं टाकली
तर इनासचा मुलगा बदक, बदक म्हणून हसला.
तिसरी मात्र खरोखरच तिसरी:
दोन शिंपल्यांत काहीतरी आवळून बसलेली,
पोलादी, लहान, दोन्हीकडून तोंड उघडं.

"क्लिपलेस म्हणतात हिला."
म्हणजे क्लिप नसलेली.
आणि धरते अशी की कुर्लीने बोट धरावं.

माझी सायकल ट्रॅकची. ब्रेक नाही, फ्रीव्हील नाही.
चाक फिरतं तोवर पाय फिरतात,
थांबवू म्हणाल तर ती तुम्हालाच उचलून टाकते.
पुण्याहून एसटीच्या टपावरून आली, गोणपाटात गुंडाळून.
मालवणात तिला ट्रॅक कुठला?
वर सड्यावर एक गोल रस्ता आहे,
कारखान्यासाठी आखलेला. कारखाना आला नाही,
रस्ता राहून गेला. जांभ्याची धूळ, करवंदीच्या जाळ्या,
आणि वारा, जो अर्धा फेरा ढकलतो
नि उरलेल्या अर्ध्यात सगळं वसूल करतो.
पाय निसटला तर पेडल काही थांबत नाही,
ते फिरून येतं आणि नडगीवर लिहून जातं.
माझ्या डाव्या नडगीवर अशा चार ओळी आहेत.

पप्पा रापणीवरून थेट दुकानात आले, अनवाणी,
कमरेचा पट्टा तसाच.
पट्ट्याला दोरीचं शेपूट, शेपटाला लाकडाची गुंडी.
रापणीच्या मोठ्या दोराला ती एक वेढा देते;
ओढ लागली की आवळते, ओढ सरली की आपसूक सुटते.
मग माणूस पुन्हा पाण्यापर्यंत चालत जातो
आणि पुन्हा अडकतो. किती फेरे, कोण मोजतं.

त्यांनी तिसरी जोडी हातात फिरवली,
स्प्रिंगवर अंगठा दाबला. खट.
"बांधूक कोणाकय येता. सुटूचा कसा, ता सांग."

टाच बाहेर वळवायची, मी म्हटलं.
त्यांनी तिथेच, सिमेंटच्या जमिनीवर,
आपली भेगाळलेली टाच बाहेर वळवून पाहिली.
एकदा. परत एकदा, डावी.

इनासचं वेगळंच: खारं वारं, गंज, महिन्याला ग्रीस.
"आणि स्टार्टला उभी राहून जोर लावशील, तेव्हा सुटली तर?"
स्प्रिंगला बारीक स्क्रू आहे. शर्यतीला आवळायचा,
एरवी दोन आटे सैल. "एरवी कुठली?" मी विचारलं.
तो गप्प बसून किंमत लिहू लागला.
अर्धे पैसे आज, अर्धे गणपतीनंतर.

पहिल्याच दिवशी पडले.
सड्यावर नव्हे, एसटी स्टँडसमोर,
सायकल जवळजवळ उभी, दोन्ही पाय आत,
आणि टाच वळवायची हे पायांनाच आठवेना.
भिंत कलते तशी सावकाश कलले
मासळीच्या रिकाम्या टोपल्यांवर.
"गो चेडवा, उतरान ये मगे," एक मावशी म्हणाली.
मला उतरता येत नव्हतं.
तिनेच माझा बूट धरला आणि पिरगळला,
ओल्या हाताने, नारळ उतरवावा तसा.

आता रात्री ओट्यावर बूट मांडीवर घेऊन बसते.
खिळ्याला पप्पांचा पट्टा, अजून ओला.
सेफ्टीपिनने क्लीटच्या खाचेतली वाळू काढते.
निघते थोडी. थोडी आतच राहते,
आणि उद्या साडेपाचला तीही वर येईल.