दृष्टीआड

टेबलावर तीन कोटेशनं, खिडकीबाहेर
क्लाक्सविकचा धक्का, ओला, काळा.
मासळीच्या आमच्या चार शेड, चार बेटांवर;
प्रत्येकीत छताजवळ एक लोखंडी कपाट,
कपाटात स्विच,
आणि सगळ्यांचा नकाशा एकाच जागी:
टोर्किलच्या डोक्यात.

कुठल्या पोर्टवर बर्फाचं यंत्र, कुठल्यावर वजनकाटा,
कुठली निळी वायर कुठेच जात नाही
पण उपटायची नाही, का ते विचारू नका,
हे त्याला पाठ.
गेल्या फेब्रुवारीत सुडुरॉयचा काटा मुका झाला.
टोर्किल फेरीत बसला, दोन तास लाटा खाल्ल्या,
एक प्लग काढला, दहापर्यंत आकडे मोजले, परत लावला.
मग वादळानं फेरी अडली. तो तीन दिवस तिथेच.
मी हिशेब मांडला: दहा आकड्यांना तीन दिवस,
आणि अकरा टन कॉड, वहीत पेन्सिलीनं टिपलेला.

म्हणून ही कोटेशनं.

पहिल्या कंपनीचा माणूस कोपनहेगनहून आला,
बूट धक्क्याला न शोभणारे.
पडद्यावर त्यानं आमची बेटं मांडली,
बेटांवर हिरवे ठिपके.
"एका जागी बसून सगळं," तो म्हणाला,
"पासवर्ड इथे बदला, चारही शेडमध्ये बदलतो.
कॅमेरे वेगळे, पगाराच्या फायली वेगळ्या,
पाहुण्यांचं वायफाय वेगळं. एका क्लिकमध्ये भिंती."
मला ठिपके आवडले. खोटं कशाला बोलू.
आमचं गबाळ इतकं सरळ मी कधी पाहिलं नव्हतं.

टोर्किलनं कॉफी संपवली, उठला,
आणि बाहेरच्या जगाकडे जाणारी वायर
शांतपणे ओढून काढली.
ठिपके राखाडी झाले.
"आता?"
माणूस म्हणाला, स्विच चालूच आहेत, मासे तोलले जातायत,
फक्त तुम्हाला दिसत नाही.
"आणि एखाद्या वर्षी लायसनचे पैसे भरले नाहीत तर?"
माणसानं बॅग उघडली, बराच वेळ शोधलं.
उत्तर बॅगेत नव्हतं.

वार्षिक आकडा मी पुन्हा पाहिला.
नाकापेक्षा मोती जड.

दुसरं कोटेशन स्वस्त होतं. इतकं, की
जळाला तर बदली किती दिवसांत, असं विचारलं
त्याला अजून कुणी उत्तर लिहितंय.

तिसरं घेतलं.
कंट्रोलर आमच्याच छपराखाली, मिठाच्या गोदामावरच्या खोलीत;
जगाशी दोरी तुटली तरी
चार बेटं एकमेकांना ओळखतील.
कॅमेऱ्यांना वीज त्याच वायरीतून. किती वॅट,
हे टोर्किलनं दोनदा मोजलं, विक्रेत्यानं एकदाही नाही.

नोव्हेंबरात एका रात्री, सव्वादोनला,
माझा फोन थरथरला. सुडुरॉय, पोर्ट सतरा, लाल.
स्वयंपाकघरात, अनवाणी, मी ते पोर्ट बंद केलं,
दहापर्यंत आकडे मोजले (गरज नव्हती, तरी मोजले),
परत चालू. हिरवं.
सकाळी मी ऐटीत सांगितलं.
टोर्किल म्हणाला, "छान,"
आणि खिशातलं फेरीचं वेळापत्रक
खिशातल्या खिशात दुमडत राहिला.

मग तुकड्यातुकड्यांनी कळलं:
सुडुरॉयच्या काट्यावर एल्सपा बसते.
टोर्किल अडकला की तिच्याकडे
वाळवलेल्या मटणाचे पातळ काप निघतात,
दोघं रेडिओवर हवामान ऐकतात,
आणि वादळ लांबलं
तर कुणी फारसं वाईट वाटून घेत नाही.

हा ठिपका नकाशावर नव्हता.
दृष्टी आम्ही विकत घेतली, पाच वर्षांच्या वॉरंटीसह;
सृष्टीचं कोटेशन कुणी दिलंच नव्हतं.

देखभालीच्या तक्त्यात मी एक ओळ घातली:
सुडुरॉय, महिन्यातून एकदा, प्रत्यक्ष तपासणी.
मालक हानुस यांनी विचारलं, कशाला?
सगळं तर इथूनच दिसतं ना?
कारणाच्या रकान्यात मी लिहिलं:
पंख्यातली धूळ.

या स्विचला पंखा नाही.
ते त्यांना माहीत नसावं.