काचपट्टी क्रमांक चौदा

हादरा अकरा सेकंदांचा, पहाटेचा.
फोर्टातल्या पाववाल्याला वाटलं, ट्रक गेला.
चित्रशाळेचं फाटक उघडलं तेव्हा
कठड्याचे सात कळस पायरीवर,
आणि साच्यांच्या दालनात
ग्रीक पहिलवान तोंडावर पडलेला,
त्याच्या पाठीवर आमच्या गणपतीचा नमुना.
दोघांनाही साधं खरचटलेलं नाही.
तडे मात्र भिंतीभर.
नाट्यगृहापासून शिळाछापखान्यापर्यंत एकच रेघ,
कुणी घाईत सही करून निघून जावं तशी.

मला नोंदवही दिली.
तड्यावर आडवी काचेची पट्टी,
दोन्ही टोकांना प्लास्टरचा ठिपका, वर क्रमांक, तारीख.
भिंत हलली तर तुटायचं,
एवढंच तिचं काम.
एकोणचाळीस पट्ट्या, दर सोमवारी फेरी.
‘शाबूत’ हा शब्द त्या वर्षी मी जितका लिहिला
तितका जन्मात कधी बोलले नाही.

समितीला सिमेंट हवं होतं, दिवाळीच्या आत.
पोशट्टी मेस्त्रीने चुना मागितला,
आणि वेळ.
कामाठीपुऱ्यातून सायकलवर यायचा, हँडलला डबा,
डब्यात भिजलेली मेथी, गूळ, बेलफळाचा गर.
तिकीटबारीवरच्या फिरोजाबाई म्हणाल्या,
“अरे, भिंत बांधते की बाळंतिणीचा लाडू वळते?”
“तेच ते बाई. सांधा भरायचा असतो.”

मागच्या अंगणातल्या खड्ड्यात
चुना तीन महिने निजून होता.
तो अधूनमधून चिमूटभर अंगठ्यावर घासायचा,
डोळे मिटायचा.
“अजून चावतो.”
समितीचे साहेब घड्याळ बघायचे.

नेपथ्यशाळेची भिंत उकलली
तर आतून कागद निघाला.
खळीने चिकटून एक झालेल्या जाहिराती:
स्त्रियांसाठी पडद्याची सोय आहे.
मूल कडेवर असल्यास फुकट.
एका नाटकाचं नाव,
पहिली तीन अक्षरं उंदरांनी खाल्लेली.
आणि वर गिलाव्याचा एक पातळ हात.
म्हणजे तडा जुनाच.
त्या पहाटेने फक्त खपली काढली.

हातमोजे घालून लोक आले,
कागद ट्रेमध्ये निजवून घेऊन गेले.
पोशट्टी त्या पोकळीत दंडापर्यंत हात घालून उभा.
“चोर साला,” म्हणाला.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग, “नाहीतर पैसे कमी दिले असतील त्याला.”
हात बाहेर काढला तेव्हा घामेजल्या कातडीवर
उलटी अक्षरं उमटलेली.
त्याला आपली लिपी येत नव्हती, सुलटीही.
“काय लिहिलंय?”
मी मान वाकडी करून वाचलं.
“फुकट.”
तो हसला नाही.
थापी उचलली आणि भरायला लागला,
आतून बाहेर, वीतभर रोज,
वीतभराच्या वर एका दिवसात कधीच नाही.

उद्घाटनाला झेंडूची तोरणं, भाषणं,
फोटोत पहिलवान आणि गणपती शेजारी शेजारी.
अडतीस पट्ट्या काढल्या.
एक राहू दे म्हणाला पोशट्टी, रंगमंचामागची.
नाव पाटीवर कोरण्याबद्दल विचारलं तर
त्याने सायकलच्या नव्या टायरचे पैसे मागितले.

दोन वर्षं मी एकाच काचेपुढे सोमवार घालवले.
शाबूत. शाबूत.
पावसाळे दोन, नाच किती, एकदा तर ढोलपथक.
शाबूत.

आणि परवा:
क्र. १४. तडकली.
भूकंप: नाही.
प्रयोग: नाही.
मेट्रोचं खोदकाम: सुट्टी होती.
कारणाच्या रकान्यात पेन टेकवून बसले,
शाईचा ठिपका पसरत गेला, तोच राहू दिला.

फोन लावला. तिकडे सून होती,
तेलुगूत हाका मारत फोन आत घेऊन गेली.
धाप ऐकू आली आधी, मग आवाज.
“केवढी?”
“केसाएवढी.”
तो थांबला. हिशेब करत असावा,
स्वतःच्या गुडघ्यांचा की भिंतीचा, कळलं नाही.
“मेथी भिजत घाल,” म्हणाला.
“येतो.”