काट्याखाली

गुळाच्या बाजारात मुंगीकडं कोण बघतंय?
पोत्यावर, पायावर, चहाच्या बशीत,
हंगामात मार्केट यार्डाच्या मालकिणी त्याच.
पप्पांनी मात्र बघितलं:
एक रांग काट्याच्या खांबावरून चढली,
वजनांच्या पारड्याखालून उलटी चालत गेली
आणि परत आली नाही.

त्यांनी पारडं उपडं केलं.
खाली गुळाचा खडा, सुपारीएवढा,
काळा पडलेला, पितळेला धरून बसलेला.

"खरवड आणि गप बस," आदगोंडा अडते म्हणाले,
"सुपारीनं कुणाचं घर बुडत न्हाई, शांतवन."

पप्पांनी खरवडला.
मग सौद्याचा दर लिहितात त्या फळ्यावर
रविवारच्या शाळेतल्या त्यांच्या गोल अक्षरात लिहिलं:
माझा काटा तीन दिवस चुकीचा होता.
चूक माझी. माल तोललेल्यांनी फरक घेऊन जावा.
शां. समुद्रे, तोलार.

सगळं यार्ड लोटलं वाचायला.
बंडा हमाल हसत हसत पोत्यावरच बसला.
कोण म्हणालं, "पगार वाटतंय बघा बेणं!"
कोण म्हणालं, "म्हंजे आधीपण खातच असणार की."

हे शेवटचं वाक्य पप्पांच्या आधी घरी पोचलं.
आई तव्याशी बोलत राहिली,
"देवाला सांगायचं की. फळ्याला कशाला?"
मला वर्गात मुंगी म्हणायला लागले.
त्या रविवारी चर्चमध्ये
मी त्यांच्या शेजारी बसले नाही.

वहीत एकतीस नावं. काहीजण आले.
उरलेल्यांकडं संध्याकाळची सायकल:
वडणग्यात शिव्या मिळाल्या,
शियेत एका म्हातारीनं पैसे घेतले, मोजले,
आणि कॅरियरला दोन ऊस बांधले.
पप्पांनी घरी येऊन ऊस सोलला.
काही बोलले नाहीत. गुणगुणत होते, तेही बेसूर.

आता यार्डात वजनावरनं भांडण लागलं
की कोणीतरी ओरडतंच, "आधी काट्याखाली बघा!"
ओरडणाऱ्याला समुद्रे कोण, ठाऊक नसतं.
इलेक्ट्रॉनिक काट्यालासुद्धा ओरडतात तसं.

परवा पाळकसाहेब दिव्यावर बोलत होते,
झाकू नका म्हणाले, उंचावर ठेवा.
मला दिवा काही दिसेना.
खडू दिसला,
पप्पांच्या शर्टाच्या बाहीला पुसलेला.

एकतिसातलं एक नाव राहून गेलं.
'पाव्हणा, पन्हाळ्याकडचा', एवढंच वहीत.
त्याचे सतरा रुपये ऐंशी पैसे
पाकिटात आहेत, माझ्या ट्रंकेत, लुगड्यांच्या तळाला.
एकदा रिक्षाला सुट्टे नव्हते म्हणून दहा काढले.
रात्री अकरा ठेवले, कशाला कोण जाणे.
मग उठून दिवा लावला
आणि एक रुपया परत काढून घेतला.