आज पाणी किती?

गोदामाचं कुलूप मी तेवीस वेळा ओढायचो.
बावीसवर थांबलो तर बावीस टोचायचा,
चोवीस झाले तर पुन्हा एकपासून.
सांगलीच्या यार्डात सातला दिवे मालवत,
हमाल पिवळे हात धुऊन बिड्या पेटवत निघून जात,
आणि मी, भूपाल मगदूम, दिवाणजी,
अडतीच्या दाराला लोंबकळत
वटवाघळासारखा.
कधी घरी पोचून, बूट काढून,
एक घास तोंडात असताना
सायकल पुन्हा माघारी.

आई म्हणाली, शनी आहे.
मेहुणा म्हणाला, ताण हो दाजी, आठ दिवस कोकणात जावा.
त्रिशला काही म्हणाली नाही.
माझा उजवा हात उलटा करून
तळव्यावर पडलेला घट्टा बघितला तिनं,
आणि मिरजेला फोन लावला.

मुजावर मॅडमच्या खोलीतला पंखा कुरकुरतो.
त्यांनी विचारलं,
नाही ओढलं, तर काय होईल?
चोरी होईल.
मग?
मालक बुडेल.
मग?
मग मी पंख्याकडे बघत राहिलो,
आणि तोंडातून हरिपूर निघालं.

हरिपुरात बाबा हळदीच्या पेवांवर कामाला होते.
पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही,
आधी दोरीनं कंदील सोडायचा.
विझला, तर आत हवा नाही.
मी नऊ वर्षांचा. वरनं वाकून बघायचं काम माझं.
"जळतोय का रं?" भैरूतात्यांनी विचारलं.
वर पतंग गुल झाला होता कुणाचा तरी.
मी म्हटलं, जळतोय.

तात्यांना दोरीनंच वर काढलं.

मला वाटलं, सापडलं. आता सुटलो.
मॅडम बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, मूळ हे असेल, नसेलही.
मूळ सापडलं म्हणून झाड वाळत नाही, मगदूम.
कुलूप ओढलं की घटकाभर बरं वाटतं ना?
ते बरं वाटणंच उद्या तुम्हाला परत बोलावतं.

गृहपाठ दिला, पोरासारखा.
एकदाच ओढायचं. मागं फिरायचं.
भीती शून्य ते शंभरात मोजायची, वहीत लिहायची,
उतरेपर्यंत काही करायचं नाही.
मी म्हटलं, शंभरात जमणार नाही, मी सांगलीचा.
आम्ही आयर्विनखाली फुटात मोजतो :
चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका.
हसल्या. चालेल म्हणाल्या. फुटातच लिहा.

पहिल्या संध्याकाळी वजनकाट्यापर्यंत गेलो.
सेहेचाळीस.
सत्तेचाळीस, मानेवरनं घाम.
अठ्ठेचाळीसला गुडघे वळले होते दाराकडं,
मी खांब धरून उभा.
एकोणपन्नास.
त्रिशलाला फोन केला, फक्त एकदा म्हण, लागलंय कुलूप.
तिलाही शिकवून ठेवलं होतं मॅडमनी.
पलीकडं कुकरची शिट्टी झाली.
मग तिनं विचारलं,
आज पाणी किती?
मी फोन ठेवला. शिवीही दिली असेल.
पाऊण तासानं सव्वीस मिनिटं एकाच आकड्यावर थांबलेलं पाणी
बोटभर खाली आलं.
कुणी उपसलं नव्हतं.

सगळं झालं असं नाही.
परवा अमावस्येला वहीत नुसतं "गेलो. अकरा वेळा." असं आहे.
मॅडमनी खाली तारीख टाकली, लाल शाई नाही वापरली.
गोळी एक आहे, रात्रीची, पांढरी.
आईचा शनीही आहे, तेल घालते ती. घालू दे.

काल एकदाच ओढलं,
सायकल चालवत नाही, हातात धरून नेली पुलापर्यंत.
कठड्याला टेकून पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं :
तात्या, तो कंदील जळत होता की नव्हता,
मला माहीत नाही.
कधीच कळणार नाही.

खिशातली वही काढली.
एकतीस फूट.